उजव्या पंखाची सही

डॉक्टरसाहेबांचं विमान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सात लाकडी खोक्यांत होतं. नांदेडला विमानतळाच्या रस्त्यावर त्यांच्या मेव्हण्याचं जिनिंग होतं. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, कापूसच नव्हता, म्हणून जिनिंगला कुलूप. त्या रिकाम्या गोदामात ती खोकी ओळीनं मांडून ठेवली होती. मुंबईच्या बंदरात वर्षभर पडून राहिल्यानं फळ्या काळ्या पडल्या होत्या आणि एका खोक्यात उंदरांनी घर केलं होतं.

मी तेव्हा नांदेडच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो. त्याआधी पंधरा वर्षं हवाई दलात होतो. त्यातली पहिली सहा लाकडी ग्लायडरच्या दुरुस्तीत गेली. रेणापूरजवळच्या आमच्या गावात वडिलांनी धर्मांतर केल्यावर घरातले देव काढले आणि बुद्धाची तसबीर लावली. त्याच वर्षी मला शाळेत घातलं. तिथून मी विमानाच्या पंखापर्यंत कसा पोचलो ते सांगत बसलो तर वेगळं पुस्तक होईल. एवढं खरं की आख्ख्या नांदेड-लातूरमध्ये लाकडी पंख उघडून बघितलेला माणूस मी एकटाच होतो, आणि ते कुणीतरी डॉक्टरांना सांगितलं होतं.

"मास्तर, हे जोडता येईल का?" त्यांनी विचारलं.

मी एका खोक्याची फळी काढली. आत गवतात आणि जुन्या रजयांत गुंडाळलेला पंख होता. कापड पिवळट झालेलं, पण आतल्या बरगड्यांवर हात फिरवला आणि मला कळलं की हे कुणीतरी फार जीव लावून केलेलं काम आहे. प्रत्येक बरगडीची कड पॉलिशकागदानं घासलेली, जिथं कुणाची नजर कधीच जाणार नाही तिथंसुद्धा.

"येईल," मी म्हणालो.

डॉक्टर लातूरच्या आडत्यांच्या घरातले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलता बोलता मधेच इंग्रजी. दहा-बारा वर्षं ते विलायतेत एका इस्पितळात होते. लातूर जिल्हा झाला तेव्हा परत आले. आता आपल्या गावाला मोठा दवाखाना पाहिजे म्हणाले. तिकडं असताना ते रविवारी विमान उडवायला शिकले होते. आणि त्यांच्या वॉर्डात एक म्हातारा आला होता, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. त्या म्हाताऱ्यानं नऊ वर्षं खपून घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं होतं. नकाशे विकत आणलेले, इंजिन मोटारगाडीचं, बाकी सगळं हातचं. दोन उन्हाळे ते उडालं. मग म्हातारा आजारी पडला. मरायच्या आधी त्यानं बायकोला सांगून ठेवलं की हे विमान डॉक्टरला दे, तो त्याला उडवत ठेवील.

"मी त्याला शब्द दिला होता," डॉक्टर म्हणाले. मला त्या माणसाचं आयुष्य ऐकून आश्चर्य वाटलं. तोही माझ्यासारखाच सुतारकामाचा मास्तर.

दर रविवारी डॉक्टर लातूरहून जीपनं यायचे. अहमदपूर-लोह्याच्या रस्त्यानं येता येता धुळीनं त्यांचं भस्म आणि कपाळ एकाच रंगाचं झालेलं असायचं. जीपमध्ये मागं पाण्याचे दोन डबे असत. एक आमच्या पिण्यासाठी, एक हात धुवायला. लातुरात तेव्हा पाण्याचे असे हाल होते की ते स्वतः दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी हात धुताना खाली बादली ठेवायचे आणि तेच पाणी फरशी पुसायला वापरायचे. आमच्या घरीही टँकर एक दिवसाआड यायचा. माझी बायको पहाटे घागरी लावून बसायची आणि मी सायकल काढून गोदामाकडं निघालो की म्हणायची, "जावा. इमानाला पाणी लागत न्हाई ते बरं हाय."

पण त्या आठ महिन्यांइतका मी पुन्हा कधी खूश नव्हतो. धड जोडलं, चाकं बसवली, शेपटी बसवली. इंजिन पूर्ण उघडून साफ केलं. पंखांचं जुनं कापड काढून नवं चढवलं. त्याआधी पंख उघडे होते तेव्हा मी प्रत्येक सांधा पाहिला, लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. फक्त एक गोष्ट पाहता येत नव्हती. पंखाचा जो मुख्य कणा असतो, ज्याला स्पार म्हणतात, तो पेटीसारखा पोकळ होता. वर-खाली जाड पट्ट्या, दोन्ही बाजूंनी प्लायवूड, सगळं सरसानं चिकटवलेलं. त्याचं पोट एकदा बंद केलं की आतला सांधा कुणाला दिसत नाही. पाहायचा तर कणाच फोडावा लागतो.

विमान उभं राहिलं त्या रविवारी डॉक्टरांनी नारळ फोडला नाही. कापडावर पाणी उडेल म्हणाले. ते नुसते आत जाऊन बसले आणि बराच वेळ विमान चालवायची दांडी हातात धरून राहिले. खाली उतरले तेव्हा डोळे पुसत होते. मी इंजिनाकडं बघत राहिलो.

मग कागद सुरू झाले.

विमान उडवायचं तर ते उडायला लायक आहे असं सरकारचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज दिल्लीला करायचा. अर्जात पहिलाच रकाना: विमानाचा प्रकार आणि त्या प्रकाराच्या मंजुरीचा क्रमांक. कारखान्यात बनलेल्या विमानाला तो असतो. हे एका माणसानं शेडमध्ये बनवलेलं. तिकडं अशा घरगुती विमानांना प्रमाणपत्र देतच नाहीत, नुसता उडण्याचा परवाना देतात, तो त्या देशापुरता. आम्ही त्या रकान्यात "नाही" लिहिलं. अर्ज परत आला. "लागू नाही" लिहिलं. परत आला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी तीन पानी पत्र जोडलं, तेव्हा कुठं कळवलं की खास बाब म्हणून विचार करू, पण अर्जदाराची स्थानिक चौकशी व्हायला हवी.

ती चौकशी पाच महिने कुठं गेली ते कळेना. शेवटी उलगडा झाला. दिल्लीतल्या यादीत लातूर अजून जुन्याच जिल्ह्यात होतं. कागद तिकडं गेला. तिकडच्यांनी, हे गाव आता आमच्याकडं नाही, असं लिहून तो परत दिल्लीला पाठवला. दिल्लीनं डॉक्टरांना विचारलं की आपण नेमके कोणत्या जिल्ह्यात राहता याचा पुरावा द्या. डॉक्टरांनी मला ते पत्र वाचून दाखवलं आणि हसले. तेव्हा ते अजून हसत होते.

मुंबईहून तपासनीस आले ते वैशाखात. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलायला सौम्य माणूस. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं गोदाम. तरी तीन तास त्यांनी विमान इंचाइंचानं पाहिलं. पोटाखाली आडवे होऊन पाहिलं. पांढरा सदरा काळा झाला. उठून म्हणाले, "हे काम कुणाचं?"

"बांधलं त्या म्हाताऱ्यानं. जोडलं मी."

"सुरेख आहे. खरं सांगतो, कारखान्यातसुद्धा असं काम आता बघायला मिळत नाही."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, झालं.

मग तपासनीसांनी म्हाताऱ्याची वही मागितली. तिकडच्या पद्धतीनुसार घरी विमान बांधणाऱ्यानं प्रत्येक टप्प्याला थांबायचं, त्यांच्या संघटनेचा माणूस येऊन बघणार, वहीत सही करणार, मगच पुढचं काम. वहीत चाळीसेक सह्या होत्या. तपासनीस बोट फिरवत एकेक पान बघत गेले आणि एका पानावर थांबले.

"डाव्या पंखाचा स्पार बंद करण्याआधी पाहिला, सही आहे. उजव्याची कुठं आहे?"

मी वहीत पाहिलं. उजव्या स्पारच्या ओळीत म्हाताऱ्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, सरस लावला, बंद केला. पुढचा सहीचा चौकोन कोरा. आठ महिने ती वही माझ्या हाताखाली होती. कितीदा तरी मी ती चाळली होती. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"राहून गेली असेल," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर हे विमान दोन वर्षं उडालंय ना!"

"त्यांच्या देशात उडालं, त्यांच्या जबाबदारीवर," तपासनीस म्हणाले. "मला हा स्पार आतून कुणीतरी पाहिला होता एवढं दाखवा. बाकी माझी काही हरकत नाही. मी चांगली शिफारस लिहीन."

डॉक्टरांनी त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या बायकोला पत्र टाकलं. उत्तर यायला दीड महिना लागला. ते पत्र डॉक्टरांनी मला गोदामात बसून वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करत. बाईंनी लिहिलं होतं की ती सही का नाही ते मला चांगलं आठवतं. त्या आठवड्यात फार हिम पडलं होतं. सही करणाऱ्या माणसाची गाडी रस्त्यात अडकली, तो आलाच नाही. नवऱ्यानं दोन दिवस वाट पाहिली. मग त्यानं स्पार बंद केला आणि सरस थंडीनं बिघडू नये म्हणून शेडमध्ये शेगडी पेटवून मी स्वतः दिवसभर तिथं बसून राहिले. तो सही करणारा माणूस आता हयात नाही. शेवटी लिहिलं होतं, "मी त्याच्याबरोबर चाळीस वर्षं राहिले. त्यानं एकही सांधा वाईट जोडला नाही. मी एवढं लिहून दिलं तर चालेल का?"

वाचून झाल्यावर डॉक्टरांनी पत्राची घडी केली.

"पाठवून द्या हे पत्र तपासनीसांना," मीच म्हणालो. "खरं काय झालं ते यात हाय. माणूस चांगला हाय, समजून घेईल."

तो सल्ला मी दिला. पुढं काय झालं ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

पत्राच्या उत्तराची वाट बघत होतो त्या दिवसांत माझा थोरला भाऊ गावाहून आला. बरोबर गावातली चार माणसं. पाटलांच्या भावकीतले एक आजोबाही होते, जे आधी कधी आमच्या गल्लीत पाऊल टाकत नसत. पाचही जण खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावरून एक दिवस सुटी घेऊन एसटीनं आले होते. भावाच्या हाताला चिंध्या बांधलेल्या. तो घरी न थांबता, माझ्या बायकोकडून पत्ता घेऊन सरळ गोदामावर आला.

त्यांनी पायातल्या वहाणा दाराबाहेर काढल्या. मी म्हणालो, "दादा, राहू द्या, फरशीचे चटके बसतेत." पण कुणी ऐकलं नाही. अनवाणी पायांनी ते विमानाभोवती फिरले. आजोबांनी पंखाला हात लावायच्या आधी धोतराला पुसला.

"मीठ कुठं ठिवतेत?" त्यांनी विचारलं.

"कसलं मीठ?"

"आरं, ढगात टाकायचं," भाऊ म्हणाला. "समद्या तालुक्यात बोलायलेत. लातूरच्या डॉक्टरानं इमान आणलंय, ढगात मीठ टाकून पाऊस पाडणार. आन ते इमान तूच बांधायलास म्हणून. म्हणलं एकदा बगून यावं, कवा निघणार ते."

मी त्यांना समजावून सांगितलं. हे दोन माणसांचं विमान आहे. ह्यात मोटारीचं इंजिन आहे. मीठ उचलायची ह्याची ताकद नाही, आणि ढगच नसतील तर मीठ टाकून काय होणार? 

आजोबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "पर चौकशीच्या कागदावर तर तसं लिवलंय म्हणं."

मला वाटलं, अफवाच. तरी मी टेबलावरची फाईल उघडली. डॉक्टरांच्या तीन पानी पत्राची नक्कल तिथं होती. ती मी नीट वाचलेली नव्हती. इंग्रजीत होती आणि त्यांनी वाचून दाखवताना तेवढंच गाळलं असावं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की अवर्षणग्रस्त नव्या जिल्ह्यात या विमानाचा उपयोग कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी करता येईल.

"तसं काय न्हाई आजोबा," मी म्हणालो. "ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलंय."

भावानं हाताची सुटलेली चिंधी बांधली. मग त्यानं विचारलं, "मग तू हे कशाला करायलास?"

 त्याला काय सांगणार होतो? लाकूड चांगलं आहे म्हणून? त्यांनी जेवायला घरी यायलाही नकार दिला. परतीची गाडी चुकेल म्हणाले. आजोबांनी वहाणा घातल्या आणि जाताना त्या विमानाला नमस्कार केला. मी त्यांना तो करू नका म्हणू शकलो नाही.

पुढच्या रविवारी मी डॉक्टरांना ते पान दाखवलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, दिल्लीत 'एका म्हाताऱ्याला शब्द दिलाय' असं लिहून फाईल हलत नाही. दुष्काळ लिहिला की हलते."

"माझ्या गावचे लोक अनवाणी आले होते साहेब."

"मग मी काय करू? पाऊस पाडू?" ते म्हणाले आणि लगेच खाली बसले. त्या वर्षी त्यांच्या दवाखान्यात दूषित पाण्यानं जुलाब होऊन किती लेकरं येत होती ते मी ऐकून होतो. मी ते पान परत फायलीत लावलं.

तपासनीस दुसऱ्यांदा आले तेव्हा बाईंचं पत्र त्यांच्या बॅगेत होतं. त्यांनी ते काढलं, चष्मा लावला आणि एका ओळीखाली पेन्सिलीनं ओढलेली रेघ आम्हाला दाखवली. हिम पडत होतं ती ओळ.

"सही नसण्यापर्यंत ठीक होतं," ते म्हणाले. "आता हे लिहून आलंय. हिम पडत होतं म्हणजे शेडमध्ये किती थंडी असेल? हा सरस थंडीत नीट धरत नाही, तुम्हाला माहीत आहे. वरून घट्ट दिसतो आणि आतून सुटतो. हे पत्र फायलीला लागलंय. मी आता ते नाही असं करू शकत नाही."

"त्या बाईनं शेगडी पेटवली होती," मी म्हणालो.

"मी विश्वास ठेवतो हो. पण विश्वास रकान्यात कुठं लिहू?" मग थोडं थांबून ते माझ्याकडं वळले. "एक मार्ग आहे. तुम्ही हवाई दलातले, लाकडी कामाचा दाखला तुमच्याकडं आहे. उजवा स्पार उघडून आतले सांधे पाहिले आणि ते ठीक आहेत, असं तुम्ही लिहून सही केलीत तर मी ती मान्य करीन. तुमचं तुम्ही बघा." असं म्हणून ते हात धुवायला बाहेर गेले, आणि मुद्दाम उशिरा आले.

डॉक्टर माझ्यासमोर उभे राहिले. "मास्तर, खरं सांगा. तो सांधा कच्चा आहे असं वाटतं तुम्हाला?"

"न्हाई साहेब. पक्का असंल."

"मग?"

"मी बघितला न्हाई. बघायचा तर फोडावा लागतो. फोडला तर पंखच राहत न्हाई."

"आत मी बसणार आहे. मरायचं तर मी मरणार."

मी त्यांना सांगितलं नाही, पण मला एक सकाळ आठवत होती. हवाई दलात असताना वरिष्ठ घाईत होते म्हणून मी एका ग्लायडरची शेपटी न बघताच तपासणीची सही केली होती. ग्लायडर चाळीस मिनिटं वर होतं. व्यवस्थित खाली आलं. कुणाला काही झालं नाही, कुणाला काही कळलंही नाही. पण ती चाळीस मिनिटं मी मैदानाच्या कडेला उभा होतो आणि त्या शेपटीवरची नजर काढली नव्हती. पुन्हा तसं कधी करायचं नाही, एवढं तेव्हा ठरवलं होतं.

"मला जमणार न्हाई साहेब," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या लोकांचं हेच असतं," ते म्हणाले. "चार कागद हातात आले की कायदा डोक्यात जातो."

तुमच्या लोकांचं. पावणेदोन वर्षं आम्ही एकाच डब्यातलं पाणी पीत होतो. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे मला दिसलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही आणि मी तिथं थांबलो नाही. सायकल काढली आणि भर दुपारी घरी आलो. बायकोनं विचारलं, "लवकर आलाव?" मी म्हणालो, "काम संपलं."

चार महिने मी त्या रस्त्यानं गेलो नाही. डॉक्टरांनी दुसरा कुणी सही करणारा शोधला असं ऐकलं. हैदराबादेत, मग बंगळुरात. कुणी तयार झालं नाही. विमान आणायची जी परवानगी होती तिला मुदत होती: तेवढ्या काळात प्रमाणपत्र मिळवा, नाहीतर माल परत परदेशी पाठवा, नाहीतर साक्षीदारांसमोर नष्ट करा. मुदत संपत आली होती. त्या साली उशिरा का होईना पाऊस झाला होता, आणि तेवढ्यात पीक आलं. धर्माबादेकडून, देगलूरकडून कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि मेव्हण्याला गोदाम पाहिजे झालं. ज्या पिकासाठी सगळा मुलूख डोळे लावून बसला होता, त्याच पिकानं विमानाला बाहेर काढलं. मला त्याचा आनंदही धड करता येईना, दुःखही धड करता येईना. भाऊ घरी कापसाचं बोंड घेऊन आला होता, ते हातात धरून मी नुसता बसलो.

डॉक्टरांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. "मंगळवारी कापायचं आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून नको. तुम्ही याल का?"

गेलो. गोदामाच्या अर्ध्या भागात कापूस छताला लागला होता. विमान अंगणात काढलेलं. तपासनीस होते, कस्टमचा एक माणूस होता. डॉक्टर खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

कस्टमचा माणूस म्हणाला, "पुन्हा जोडता येणार नाही असं कापायचं. कुठून कापायचं?"

"स्पार," तपासनीस म्हणाले. "दोन्ही."

डावा पंख मी करवतीनं कापला. लाकूड इतकं वाळलेलं आणि सरळ होतं की करवत आपोआप चालत होती. मग उजवा. तो कापून झाल्यावर मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी तो तुकडा फरशीवर घेतला, प्लायवूड सोललं, सांध्यात पटाशी घातली आणि हातोडा मारला. सुटला नाही. आणखी दोनदा मारला. तिसऱ्या घावाला तुकडा फाटला.

सांधा कच्चा असला की सरसाची रेघ स्वच्छ उघडी पडते, काचेसारखी गुळगुळीत. इथं लाकूड फाटलं होतं. धाग्याधाग्यानं उभं चिरलं होतं, आणि सरस होता तसाच दोन्ही बाजूंचं लाकूड धरून होता. मी आणखी एक सांधा फोडला. तसाच. आणखी एक. सहा सांधे फोडले. एकही सुटला नाही.

तपासनीसांनी तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला आणि चष्मा काढून पुसत राहिले. "उत्तम," एवढंच हळू म्हणाले. मग त्यांनी कागदावर लिहिलं, वस्तू नष्ट केली, आणि माझी साक्षीदार म्हणून सही मागितली. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी सही केली.

मी तुकडा घेऊन डॉक्टरांकडं गेलो. "साहेब, पक्का होता."

त्यांनी तुकड्याकडं पाहिलं नाही. "मला माहीत होतं," म्हणाले.

बाकीचं विमान भंगारवाल्यानं नेलं. लाकूड जिनिंगच्या हमालांनी चुलीला नेलं. चांगलं वाळलेलं, लवकर पेटतं, म्हणत होते. त्या बाईंना डॉक्टरांनी काय कळवलं ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी त्यांनी मला जीपनं घरापर्यंत सोडलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून ते स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ द्या साहेब," मी म्हणालो.

मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी ते वाक्य पुरं करावं, पूर्ण बोलावं, असं मला आतून वाटत होतं. पण आयुष्यभराची सवय, मोठ्या माणसाला अवघड वाटू नये म्हणून आपणच वाट मोकळी करून द्यायची. त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. ते वाक्य तसंच अर्धं राहिलं.

दोन वर्षांनी माझी बदली लातूरला झाली. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, सगळीकडं चुन्याचा वास. खोली मिळाली ती नेमकी डॉक्टरांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. रोज सकाळी त्यांची जीप समोरून जायची. एकदा बायकोला सणसणून ताप आला. मी रिक्षा बोलावली आणि तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका अनोळखी डॉक्टरकडं नेलं. रिक्षा त्यांच्या दवाखान्यावरूनच गेली. बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. तिनं पाटी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता डोळे मिटून घेतले.